व्यापारी, बंदर आणि घाट : संगणकीय खेळातून बेळगावच्या इतिहासाकडे

बहमनी आणि विजयनगर यांचा संघर्ष वर्गात बहुधा दोन राजांचे, फार तर दोन धर्मांचे युद्ध म्हणून शिकवला जातो. त्यातून व्यापारी मात्र गळून पडतो. त्याला पुन्हा वर्गात आणण्यासाठी एका संगणकीय खेळाचा शिक्षकांना कसा उपयोग होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ हा खेळ पॅरॅडॉक्स या स्वीडिश कंपनीने २०१३ मध्ये बाजारात आणला. त्याचा प्रारंभ १४४४ या वर्षापासून होतो. बहमनी किंवा विजयनगरचे राज्यही खेळाडूला चालवता येते. या खेळात जगाचा व्यापार निरनिराळ्या केंद्रांत विभागलेला असून माल एका केंद्राकडून दुसऱ्याकडे वाहतो. प्रत्येक राज्याकडे मोजकेच व्यापारी असतात. केंद्रावर पाठवलेल्या व्यापाऱ्याला दोनपैकी एक काम देता येते : तेथेच उत्पन्न गोळा करणे, किंवा माल आपल्या केंद्राच्या दिशेने वळवणे. कोणाचा वाटा किती, हे मुख्यतः बंदरे, मोठ्या पेठा आणि व्यापाराचे रक्षण करणारी जहाजे यांवर ठरते. तात्पर्य, एक टोक हाती असून भागत नाही. मधली वाटही लागते.

हा नियम आपल्या भागाला लावून पाहावा. दख्खनच्या सैन्यांना लागणारे उत्तम घोडे अरबस्तान व इराणमधून समुद्रमार्गे गोवा, चौल, दाभोळ या बंदरांत उतरत. त्यांची गरज दोन्ही राज्यांना होती. विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाने तर मुसलमान घोडेस्वार आपल्या सैन्यात घेतले होते. गोव्याचे बंदरही विजयनगरकडे होते. इराणातील गिलानहून व्यापारासाठी आलेला महमूद गावान पुढे बहमनींचा वजीर झाला. ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती, हा किताब त्याला मिळाला होता. त्याने प्रथम खेळणा (विशाळगड) व संगमेश्वर या भागांवर मोहीम काढली, कारण तेथून व्यापारी जहाजांची लूट होत असे. १४७२ मध्ये त्याने गोवा घेतले. विजयनगरच्या प्रेरणेने बेळगावच्या अधिपतीने ते परत मिळवण्याचा प्रयत्न करताच बहमनी सैन्याने बेळगावचा किल्ला वेढून जिंकला. गोव्याहून घाट चढून आलेली वाट येथे पठारावर येते. बेळगाव शत्रूकडे असेपर्यंत गोवा सुरक्षित नव्हते, हे यावरून ध्यानात येते.

मात्र खेळाच्या मर्यादाही दाखवून द्याव्यात. खेळातील व्यापारी केवळ सोंगटी असतो. त्याला स्वतःची इच्छा नसते. गावान स्वतः व्यापारी होता आणि दरबारातील कारस्थानामुळे १४८१ मध्ये त्याला प्राण गमवावे लागले. तसेच खेळात व्यापारप्रवाहाची दिशा ठरलेली असते. प्रत्यक्षात १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगिजांनी समुद्रावर परवान्याची सक्ती केली आणि घोड्यांचा व्यापार आपल्या बंदराकडे ओढला.

वर्गात संगणक नसला तरी चालेल. फळ्यावर बंदर, घाट, पेठ व राजधानी काढून तीन प्रश्न विचारावेत : माल कोठून येतो? जकात कोठे घेतली जाते? वाट अडल्यास नुकसान कोणाचे? कॅम्पमधील विद्यार्थ्यांना किल्ला शहरातच पाहता येतो. निपाणीच्या विद्यार्थ्यांनी हेच प्रश्न तेथील तंबाखूच्या पेठेला लावावेत. अशा अभ्यासातून लढाईच्या सनावळीमागचे कारण विद्यार्थी स्वतः शोधू लागतील आणि आपल्या गावाच्या इतिहासाकडे दोन धर्मांच्या झगड्यापलीकडे जाऊन पाहतील.