पॉवर ट्रान्झिस्टरची सुरक्षित मर्यादा

अहिल्यानगर जिल्ह्यात उन्हाळी यात्रांच्या दिवसांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ध्वनिवर्धकातील पॉवर ट्रान्झिस्टरला उष्णता बाहेर टाकणे अवघड होते. टू-एन-३०५५ या जुन्या, लोकप्रिय ट्रान्झिस्टरची कमाल मूल्ये ६० व्होल्ट, १५ अँपिअर आणि ११५ वॅट अशी दिलेली असतात. मात्र पहिल्या दोहोंचा गुणाकार ९०० वॅट होत असल्याने ती एकाच वेळी गाठता येत नाहीत, आणि दुरुस्तीत नेमके हेच विसरले जाते. ११५ वॅटही कवच २५ अंशांवर असतानाचे असून, पुढे दर अंशाला सुमारे ०.६६ वॅट घटत १०० अंशांवर ६६च उरतात. शिवाय जास्त व्होल्टेजवर ‘सेकंड ब्रेकडाउन’, म्हणजे प्रवाह सिलिकॉनच्या एका ठिपक्यात एकवटून तो भाग वितळणे, संभवते, आणि कवचाला हात लावून ते कळत नाही.