मध्यम स्तरावरील आरोग्यसेवक : भूमिका, प्रशिक्षण आणि वेतन

लखनौ शहरातील अलीगंज भागात राहणाऱ्या रुग्णाला परिसरातच सामुदायिक आरोग्य केंद्र उपलब्ध आहे आणि किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचे रुग्णालयही त्याच शहरात आहे. उत्तर प्रदेशातील खेड्यात मात्र मधुमेहाची किंवा रक्तदाबाची पहिली तपासणी बहुधा डॉक्टर करत नाही. ती उपकेंद्रातील सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्याकडून होते. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या दरम्यानच्या या स्तराला ‘मध्यम स्तरावरील आरोग्यसेवक’ असे म्हणतात. या स्तराची भूमिका, प्रशिक्षण व वेतन यांचा मेळ घालणे हा सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेपुढील महत्त्वाचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

ही संकल्पना भारताला नवी नाही. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशातील सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० परवानाधारक, म्हणजे पदवीऐवजी अल्प मुदतीचे शिक्षण घेतलेले होते. समितीच्या बहुमताने एकच पदवीधर डॉक्टर घडविण्याचा आग्रह धरला आणि पुढे परवानाधारकांचा वर्ग लोप पावला.

अमेरिकेत १९६५ मध्ये दोन प्रयोग सुरू झाले. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी परिचारिकांना उपचारविषयक अधिक अधिकार देणारे ‘नर्स प्रॅक्टिशनर’ प्रशिक्षण सुरू केले. ड्यूक विद्यापीठात युजीन स्टेड यांनी नौदलातील माजी वैद्यकीय सहायकांना ‘फिजिशियन असिस्टंट’ म्हणून शिकविण्यास प्रारंभ केला.

भारतातील चार प्रवाह

१) सामुदायिक आरोग्य अधिकारी : आयुष्मान भारत कार्यक्रमांतर्गत २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्य व निरामयता केंद्रांत होऊ लागले. २०२३ मध्ये त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. येथील अधिकारी तीस वर्षांवरील व्यक्तींची असंसर्गजन्य आजारांसाठी तपासणी करतो, डॉक्टरांनी सुरू केलेली औषधे पुढे देतो आणि ‘ई-संजीवनी’द्वारे दूरस्थ सल्ला मिळवून देतो. उत्तर प्रदेशात या पदावर परिचर्या शाखेचे उमेदवार घेतले जातात, तर महाराष्ट्रात प्रामुख्याने आयुर्वेद पदवीधर आहेत. मूळ शिक्षण भिन्न असल्याने सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आखण्यात आला. पुढे परिचर्या पदवीच्या अभ्यासक्रमातच त्याचा समावेश झाला.

२) अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनर : भारतीय परिचर्या परिषदेने यासाठी दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे.

३) प्रसूतिसेवेतील नर्स प्रॅक्टिशनर : २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र परिचारिकांना अठरा महिन्यांचे प्रशिक्षण दिले जाते.

४) फिजिशियन असोसिएट : या अभ्यासक्रमाचा आरंभ १९९२ मध्ये चेन्नईतील मद्रास मेडिकल मिशनमध्ये झाला. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक आयोग कायद्याच्या अनुसूचीत या व्यवसायाचा समावेश करण्यात आला.

अधिकाराची सीमा

कौशल्य असूनही कायदेशीर आधार नसल्यास काय होते, याची दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. अभ्यासक्रम पुढे बंद पडला, तरी त्यातून तयार झालेले ग्रामीण वैद्यकीय सहायक प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करू लागले. प्राथमिक उपचारांत त्यांची क्षमता एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीची असल्याचे २०१० च्या एका अभ्यासात आढळले. आसामने २००४ मध्ये कायदा करून ग्रामीण आरोग्यसेवेची पदविका सुरू केली. तो कायदा गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. मात्र या पदविकाधारकांना डॉक्टर न मानता सामुदायिक आरोग्यसेवक म्हणून मान्यता देणारा २०१५ चा राज्य कायदा न्यायालयाने वैध ठरविला. पदाचे नाव व कार्यकक्षा स्पष्ट असेल तर हा वर्ग टिकू शकतो, हा या निकालाचा अर्थ होय.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ मधील कलम ३२ मध्ये सामुदायिक आरोग्यसेवकास मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेत त्याला विहित औषधे स्वतंत्रपणे देता येतील. अन्य बाबतीत डॉक्टरांची देखरेख बंधनकारक राहील. अशा परवान्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशाहून अधिक असू शकणार नाही.

वेतनाचा प्रश्न

अमेरिकेत २०२३ मध्ये नोंदणीकृत परिचारिकेचे मध्यक वार्षिक वेतन सुमारे ८६ हजार डॉलर, नर्स प्रॅक्टिशनरचे १ लाख २६ हजार आणि फिजिशियन असिस्टंटचे १ लाख ३० हजार डॉलर होते. म्हणजेच वाढीव शिक्षण व जबाबदारी यांचा मोबदला परिचारिकेच्या वेतनाच्या जवळजवळ दीडपट होता.

भारतात चित्र उलटे दिसते. महाराष्ट्रात सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यास दरमहा २५ हजार रुपये निश्चित आणि कामगिरीनुसार कमाल १५ हजार रुपये असे मानधन ठरविण्यात आले. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्रीय सेवेतील नियमित परिचर्या अधिकाऱ्याचे आरंभीचे मूळ वेतनच ४४,९०० रुपये आहे व भत्ते वेगळे मिळतात. केंद्रावर एकट्याने जबाबदारी पेलणारा अधिकारी कंत्राटी आणि त्याच्या मानधनाचा मोठा भाग अनिश्चित, अशी ही रचना आहे. महाराष्ट्र शासनाने १४ मार्च २०२४ रोजी दहा वर्षे सेवा झालेल्या राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा निर्णय घेतला. तथापि २०१८ नंतर निर्माण झालेल्या या पदावरील सेवेच्या बळावर ती अट तेव्हा पूर्ण होणे शक्य नव्हते.

कामगिरीवर आधारित मोबदल्यामुळे सेवेचे मोजमाप होते, हे खरे. परंतु औषधांचा पुरवठा, इंटरनेट जोडणी यांसारख्या अधिकाऱ्याच्या हाती नसलेल्या बाबींवर मोबदला अवलंबून राहिला, तर प्रोत्साहनाचा हेतूच बाजूला पडतो. नियमित पदाची संधी मिळताच प्रशिक्षित मनुष्यबळ निघून जाते आणि प्रशिक्षणावरील सार्वजनिक खर्च वाया जातो.

पुढील दिशा

समान कामासाठी समान किमान प्रशिक्षण, औषधोपचाराच्या अधिकाराची लेखी मर्यादा, डॉक्टरांशी निश्चित संदर्भसेवा आणि बढतीसह वेतनश्रेणी या चार बाबी एकत्रितपणे ठरणे आवश्यक आहे. यांपैकी एकच सुटी करून सुधारणा साधणार नाही. अधिकाराविना प्रशिक्षण निरुपयोगी ठरते, प्रशिक्षणाविना अधिकार धोकादायक ठरतो आणि योग्य वेतनाविना दोन्ही फार काळ टिकत नाहीत. खेड्यातील रुग्णासाठी उपकेंद्राचे दार उघडे राहणे हे अखेर त्या खुर्चीवरील व्यक्ती तेथे किती वर्षे टिकते यावरच अवलंबून आहे.