सात फेऱ्यांत तीनदा

पॅडल मारताना मध्येच पाय जड व्हायचा, मग आपोआप हलका. करी रोडच्या पुलाचा चढ चढताना तर वाटायचं, मागून कुणीतरी कॅरिअर धरलंय. चेन ढिली, असं मीच ठरवलं आणि मागचं चाक ओढून ती ताणली. एका जागी ती तारेसारखी ताठ झाली. जरा फिरवली की पुन्हा लोंबायला लागली.

लालबागच्या टपरीतल्या मामांनी पान्याला हातच लावला नाही. सायकल स्टँडवर घेतली आणि चेनच्या एका कडीवर खडूने रेघ मारली. एका हाताने सावकाश पॅडल फिरवत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालची चेन चाचपत राहिले. ओठ हलत होते. मोजत होते.

"प्रत्येक फेरीला ताठ झाली तर चेनव्हील वाकडं. ही तशी होत नाही."

चेनव्हीलला 48 दाते, चेनला 112 कड्या. म्हणजे तीच कडी त्याच जागी यायला पॅडलच्या दोन फेऱ्या आणि वर तिसरा हिस्सा लागतो. सात फेऱ्यांत चेन तीनदा ताठ झाली, आणि तिन्ही वेळा खडूची रेघ चेनव्हीलवरच होती. दोष चेनचा, तोही तिच्या एकाच भागाचा.

चेन ताणली जाऊन वाढते असं आपण म्हणतो. पोलाद असं ताणलं जात नाही. पिन आणि तिच्याभोवतीची बुश झिजते, आणि केसाएवढ्या फटी कडीमागून कडी साठत जातात. झिजलेला भाग दात्यांवर बसला की त्याची ढील दात्यांतच अडकते आणि उरलेली चेन ताठ होते. तो खालच्या बाजूला आला की लोंबते. अशा बुश-रोलर चेनची कल्पना हान्स रेनोल्डची, 1880 सालची. त्याच्या आदल्या वर्षी त्याने मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमध्ये घेतलेला कारखाना कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनवायचा. गिरणगावात उभं राहून हे आठवलं, तेव्हा काळ्या पडलेल्या त्या चेनकडे मी जरा आदराने पाहिलं.

मामांनी लॉक काढून चेन घासलेटात बुडवली, पुसली आणि फळीवर ताणून धरली. स्टीलची पट्टी लावली. नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. एका टोकाला पाव सुताचा फरक निघाला. रेघेजवळ सव्वा सूत. तिथल्या पिनांवर तांबूस गंज होता.

"पावसात कुठे ठेवतोस?"

जिन्याखाली. वरून पागोळी पडते, आणि ती बरोबर चेनवर.

"तेवढाच तुकडा बदलता येईल?" मी विचारलं.

"येईल की. मग नवा तुकडा जुन्या चेनशी भांडेल, आणि तू माझ्याशी." त्यांनी फ्रीव्हील फिरवून दाखवलं. दाते एका बाजूला आकड्यासारखे वळले होते. नुसती नवी चेन घातली असती तर त्यांच्यावरून घसरली असती. दोन्ही बदलायचं ठरलं.

नवी चेन त्यांनी खिळ्याला टांगली, शेजारी जुनी. कड्या तितक्याच. जुनी बोटाच्या रुंदीला थोडी कमी, एवढी खाली लोंबत होती.