शेडकार्डाआधी ओल तपासा

इपॉक्सीची फरशी करायची ठरली, की लोक पहिल्यांदा शेडकार्ड मागतात. मी पुण्यात फ्लोअर कोटिंगची कामं घेतो आणि माझा आग्रह असतो, की रंग सर्वांत शेवटी ठरवा. कोटिंग टिकतं ते खालच्या कोब्याच्या जोरावर.

इपॉक्सी दोन डब्यांत येते. एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. ठरल्या प्रमाणात मिसळले, की रासायनिक क्रिया होऊन कडक, बिनसांध्याचा थर तयार होतो. सांधे नाहीत म्हणजे मळ धरायला जागाच नाही, म्हणून दवाखाने आणि दुकानांना ही फरशी आवडते. रोलरने मारलेलं कोटिंग अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतं. ओतून पसरवलेली सेल्फ लेव्हलिंग फरशी साधारण २ ते ३ मिलिमीटर भरते. ओल्या थरावर रंगीत फ्लेक्स उधळून वर पारदर्शक कोट दिला, तर ग्रॅनाइटसारखा ठिपका दिसतो. मेटॅलिक पावडरने संगमरवरासारख्या लाटा उमटतात.

आता ओलीचं बघू. चिपळूणला एका दवाखान्याच्या तळमजल्यावर आम्ही दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून कोब्यावर चिकटवला. दुसऱ्या दिवशी आतून थेंब जमले होते आणि खालचा कोबा काळपट पडला होता. वरून बोट फिरवलं, तर हाच कोबा कोरडा लागत होता! अशा जमिनीवर थेट कोटिंग केलं, की खालून येणारी ओल फोड आणते आणि पुढे पोपडे निघतात. तिथे ओल रोखणारा प्रायमर आधी द्यावाच लागतो. नवा कोबा असेल, तर किमान २८ दिवस थांबा आणि मगच ही चाचणी करा.

त्यानंतर ग्राइंडिंग. कोब्यावर सिमेंटच्या दुधाचा कमकुवत थर असतो, तो डायमंड ग्राइंडरने काढायचा. मग पाण्याचे चार थेंब टाका. ते मुरले तर छिद्रं मोकळी झाली. मोत्यासारखे वरच राहिले तर तेल किंवा जुनं सीलर अजून शिल्लक आहे.

जागेप्रमाणे माल बदलतो. इपॉक्सी उन्हात पिवळी पडते, म्हणून बाल्कनीत आणि काचेच्या दर्शनी भागात वरचा कोट उन्हाला टिकणाऱ्या पॉलियुरेथेनचा किंवा पॉलिअ‍ॅस्पार्टिकचा हवा. मिठाईच्या भटारखान्यात उकळतं पाणी आणि दूध सांडतं. साधी इपॉक्सी ५०-६० अंशांपुढे मऊ पडू लागते. तिथे जाड पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीटच घाला. उतारावर आणि पाण्याच्या जागी कोटात बारीक वाळू मिसळून घ्या. पुसायला थोडे कष्ट पडतील, पण घरातली म्हातारी माणसं घसरणार नाहीत.

काम संपल्यावर सहसा दुसऱ्या दिवशी चालता येतं, पण गाडी आणि जड कपाटं आठवडाभर बाहेरच ठेवा.

कोटेशन घेताना चार गोष्टी लेखी मागा: ओलीची चाचणी, ग्राइंडिंग, प्रत्येक थराची मिलिमीटरमधली जाडी आणि वरच्या कोटाचा प्रकार. कागदावर नुसता फुटाचा दर असेल, तर तो कितीही कमी असू दे, त्या ठेकेदाराला काम देऊ नका.