नीट, नेट आणि हळदीची चकाकी

हिंगोली-नांदेड रस्त्यावरच्या आखाडा बाळापुरात कुणाला वाट विचारली, तर 'इथून नीट जा' असं उत्तर सहज मिळेल. नीट म्हणजे सरळ, नाकासमोर. विहिरीवरची मोटर दुरुस्त झाली की ती 'नीट झाली', अंगणात मस्ती करणारं पोर दटावलं की त्याला 'नीट बस'. त्याच रस्त्याने पुढे नांदेडला पोचलं, की मोठमोठ्या फलकांवर पुन्हा 'नीट'. ही मात्र डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा, इंग्रजी आद्याक्षरांतून जुळलेली. २०१३ मध्ये ती पहिल्यांदा झाली आणि ती मराठीतूनही देता येते. शिवाय इंग्रजीत व्यवस्थित, टापटीप या अर्थाचा एक 'नीट' आहेच. वही स्वच्छ ठेवणाऱ्या मुलीला शिक्षक दोन्ही भाषांत एकच शब्द म्हणू शकतात!

मग मराठी 'नीट' इंग्रजीतून आला असेल का? नाही. 'नीटनेटका' या जोडशब्दातला 'नेटका' रामदासांच्या दासबोधात आहे. बाराव्या दशकाच्या आरंभीच त्यांनी चांगल्या प्रपंचाला हे विशेषण लावलं. रामदास मराठवाड्यातल्याच जांबचे, सतराव्या शतकातले. या मुलखात इंग्रजी शाळा येण्याच्या कितीतरी आधी हे शब्द लोकांच्या तोंडी होते. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता जवळपास एकाच अर्थाला एकच आवाज दिला. असे योगायोग भाषांत घडतात, पण इतका चपखल क्वचितच सापडतो.

इंग्रजी 'नीट' कुठून आला, ते कळलं की मला थेट हिंगोली जिल्ह्यातली हळद आठवते. त्याचं मूळ लॅटिन 'नितिदुस'. अर्थ चकचकीत, तेजाळ. 'नितेरे' म्हणजे चकाकणं. हा शब्द फ्रेंचमधून फिरत सोळाव्या शतकात इंग्रजीत रुळला. म्हणजे नीटपणाची पहिली ओळख शिस्त नव्हती, चकाकी होती. शेतातून काढलेलं हळकुंड मातकट, खरबरीत, मुळ्यांचे केस लोंबणारं असतं. ते शिजवतात, कितीतरी दिवस उन्हात वाळवतात आणि मग फिरत्या ढोलात घालून पॉलिश करतात. हळकुंडं एकमेकांवर, ढोलाच्या कडांवर घासत राहतात, वरची साल आणि मुळ्या झडतात आणि आतला पिवळा रंग उजळतो. तेव्हा कुठे तो माल बाजारात भाव खातो. चार-पाच क्विंटल ओल्या हळदीतून साधारण एक क्विंटल वाळलेली हळद हाती येते. याच जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. रोमन माणसाने पॉलिश झालेलं हळकुंड पाहिलं असतं, तर त्याने बहुधा 'नितिदुस' म्हटलं असतं.

पण त्या शब्दाचं नातं हळदीशी याहूनही जवळचं आहे. पोती काट्यावर चढली की पावतीवर काय लिहितात? आधी 'ग्रॉस', मग पोत्याचं वजन वजा करून 'नेट'. हा 'नेट' फ्रेंच 'नेत'मधून आला आणि तोही त्याच 'नितिदुस'चा वंशज. चकचकीत म्हणजे स्वच्छ, स्वच्छ म्हणजे भेसळ नसलेलं, आणि भेसळ नसलेलं म्हणजे वजावट करून उरलेलं निव्वळ. पाणी न घातलेल्या दारूला इंग्रजीत 'नीट' म्हणतात तेही याच वळणाने. म्हणजे आपला 'नीट' आणि इंग्रजी 'नीट' एकसारखे दिसतात, पण परके आहेत, आणि पावतीवरचा 'नेट' आणि इंग्रजी 'नीट' वेगळे दिसतात, पण सख्खी भावंडं आहेत. कानावर विसंबून शब्दांची सोयरीक जुळवता येत नाही, हे याहून ठसठशीत कुठे दिसणार?

आता इंग्रजीतला आणखी एक जुना 'नीट' ऐका. त्याचा अर्थ गाय-बैल, गुरंढोरं! हा 'नितिदुस'शी संबंध नसलेला, जर्मानिक घराण्यातला शब्द. त्याचं मूळ उपयोगाच्या, मालकीच्या वस्तूशी, म्हणजे धनाशी जुळतं. आज तो रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. गुरांच्या पायांतून काढलेल्या तेलाच्या इंग्रजी नावात मात्र टिकून आहे. ते तेल खोगीर आणि चामड्याचे पट्टे मऊ ठेवायला वापरतात.

गुरं म्हणजे धन, ही कल्पना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. पशुधन हा शब्द सरकारी कागदावरही आहे. आणि इथे खरीखुरी रक्ताची नाती सापडतात. संस्कृत 'पशु' आणि लॅटिन 'पेकुस' एकाच प्राचीन मुळाचे. 'पेकुस' म्हणजे गुरं, आणि त्यावरूनच 'पेकुनिया', म्हणजे पैसा. जर्मानिक भाषांत 'प'चा 'फ' झाला आणि तेच मूळ गुरं, मालमत्ता, मग देणं अशा अर्थांनी सरकत गेलं. त्याचा एक धागा इंग्रजी 'फी'पर्यंत येतो, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'नीट'च्या क्लासची जी फी पालक भरतात, तिच्या पोटात आपलाच 'पशु' बसलेला आहे.