स्पोर्ट्‌स मोटारगाडीची हाताळणी

चालकाने सुकाणू चक्र, वेगवर्धक व ब्रेक यांच्याद्वारे केलेल्या क्रियेला मोटारगाडी किती तत्परतेने, किती अचूकपणे व कितपत अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद देते, त्यावरून तिची हाताळणी ठरते. प्रवासी मोटारगाडीत आराम, प्रशस्त जागा व सामानाची सोय यांना महत्त्व असते. स्पोर्ट्‌स मोटारगाडीत हाताळणीला अग्रस्थान असते. अशी गाडी सामान्यतः दोन आसनांची, ठेंगणी व वजनाने हलकी असते. तिच्या एंजिनाच्या शक्तीचा बोलबाला अधिक होत असला, तरी ती शक्ती मुख्यतः सरळ रस्त्यावर उपयोगी पडते. वळणावर गाडीचे वर्तन तिचे एकूण वजन, त्या वजनाची मांडणी आणि सांगाडा व निलंबन यंत्रणा (सांगाडा चाकांवर तोलून धरणारी स्प्रिंगांची व भुजांची रचना) यांची जुळणी यांवर अवलंबून असते. वळण किती वेगाने घेता येईल हे तर यांवरून ठरतेच. पण पकड सुटण्यापूर्वी चालकाला पुरेशी सूचना मिळेल की नाही, हेही यांवरूनच ठरते.

टायर व त्यांवरील भार : गाडी व रस्ता यांचा संबंध प्रत्येक टायरच्या सु. तळहाताएवढ्या स्पर्शक्षेत्रापुरताच असतो. गाडीला वळवणाऱ्या, थांबवणाऱ्या व पुढे ढकलणाऱ्या सर्व प्रेरणा या चार क्षेत्रांतूनच निर्माण होतात. वळणावर टायरचे रबर पिळले जाते आणि त्यामुळे चाकाचे तोंड ज्या दिशेला असते तिच्याशी थोडा कोन करून टायर प्रत्यक्षात पुढे जातो. या कोनाला घसरकोन म्हणतात. घसरकोन वाढतो तशी बाजूची पकड एका मर्यादेपर्यंत वाढते व त्यानंतर घटू लागते.

शालेय भौतिकीतील घर्षणाच्या नियमानुसार भार दुप्पट झाला की पकडही दुप्पट होते. हा नियम टायरला तंतोतंत लागू पडत नाही. टायरवरील भार वाढल्यास पकड वाढते खरी. पण ती भाराच्या प्रमाणात न वाढता त्याहून कमी वाढते. हाताळणीविषयीचे बहुतेक निष्कर्ष या एका गुणधर्मातून निघतात. जोडीतील दोन टायरांवर समान भार असताना त्यांची एकत्रित पकड जेवढी असते, त्याहून ती एकावर अधिक व दुसऱ्यावर कमी भार असताना कमी भरते.

भाराचे स्थानांतर : वळण घेताना गाडीचा भार आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर, ब्रेक लावताना पुढील चाकांवर आणि वेग वाढवताना मागील चाकांवर सरकतो. बाजूकडे सरकणारा भार गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची व वळणाची तीव्रता यांच्या सम प्रमाणात, तर डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. उदा., १,००० किग्रॅ. वजनाच्या गाडीचा गुरुत्वमध्य ५० सेंमी. उंचीवर व चाकांमधील अंतर १५० सेंमी. आहे असे मानू. गुरुत्वीय प्रवेगाच्या नऊ दशांश इतक्या पार्श्विक प्रवेगाने ती वळत असल्यास सु. ३०० किग्रॅ. भार बाहेर सरकतो. म्हणजे बाहेरील दोन चाकांवर ८०० व आतील दोन चाकांवर अवघा २०० किग्रॅ. भार उरतो. गुरुत्वमध्य १० सेंमी. खाली आणल्यास सरकणारा भार २४० किग्रॅ. होतो. स्पोर्ट्‌स मोटारगाडी ठेंगणी व पसरट असण्याचे एक प्रमुख कारण हे आहे.

गाडी वळणावर कलते म्हणून भार सरकतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः मुळीच न कलणाऱ्या गाडीतही भाराचे स्थानांतर जवळजवळ तेवढेच होते. कल हा त्याचा डोळ्यांना दिसणारा परिणाम असून त्याचे कारण नव्हे.

वजन कमी असण्याचे फायदे : अधिक शक्तिशाली एंजिनामुळे गाडीचा वेग लवकर वाढतो, पण वजन कमी केल्याने वेग वाढवणे, थांबणे व वळणे या तिन्ही क्रिया सुधारतात. गाडी थांबवताना ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने विसर्जित होणारी गतिज ऊर्जा वजनाच्या सम प्रमाणात असते. वजन वाढल्यास मोठे ब्रेक, रुंद टायर, जाड भुजा व कडक स्प्रिंगा लागतात. त्या भागांमुळे वजनात आणखी भर पडते. वजन घटवल्यास हेच चक्र उलट फिरते.

हे तत्त्व ब्रिटिश अभियंते कॉलिन चॅपमन (१९२८–८२) यांनी आपल्या लोटस कंपनीच्या गाड्यांत कटाक्षाने राबवले. १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हन या गाडीत अत्यावश्यक भागांखेरीज जवळजवळ काहीच नव्हते. १९६२ साली आलेल्या लोटस एलानचे वजन सु. ६८० किग्रॅ. होते. हलकेपणामुळे तिला मऊ स्प्रिंगा वापरता आल्या व चाकांना वरखाली होण्यास भरपूर वाव देता आला. परिणामी खडबडीत रस्त्यावरही तिचे टायर जमिनीला चिकटून राहत. उत्तम हाताळणीसाठी गाडी हादरे देणारी व टणकच असावी लागते, ही समजूत या गाडीने खोटी ठरवली.

वजनाची मांडणी : एकूण वजनाइतकेच त्याचे स्थानही महत्त्वाचे असते. गाडी वळते तेव्हा ती उभ्या अक्षाभोवती फिरते आणि या फिरण्याला तिचे निरूढी परिबल विरोध करते. हे परिबल वजनाच्या अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ५० किग्रॅ.चा एखादा भाग अक्षापासून अर्ध्या मीटरऐवजी दोन मीटरवर बसवल्यास त्याचा विरोध सोळा पट होतो. एंजिन, इंधनाची टाकी व चालक ही वजने मध्यभागाजवळ आणल्यास गाडी वळणात चटकन शिरते. म्हणून चालकाच्या मागे, पण मागील आसापुढे एंजिन बसवण्याची पद्धत शर्यतींच्या गाड्यांत रूढ झाली. अशा रचनेच्या कूपर गाडीतून जॅक ब्रॅबम यांनी १९५९ व १९६० साली फॉर्म्युला वनचे जागतिक विजेतेपद मिळवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत पुढे एंजिन असलेल्या गाड्या त्या शर्यतींतून नाहीशा झाल्या.

मात्र जी गाडी चटकन वळते ती पकड सुटल्यावर चटकन गरगरतेही. जपानच्या माझ्दा कंपनीने १९८९ साली आणलेल्या एमएक्स-५ या गाडीत एंजिन पुढे, पण पुढील आसापासून शक्य तितके मागे ठेवून दोन्ही आसांवर जवळजवळ समान वजन येईल अशी मांडणी केली. अफाट शक्ती नसतानाही ही गाडी जगभर लोकप्रिय झाली.

अल्पवळण व अतिवळण : पुढील टायरांचा घसरकोन मागील टायरांपेक्षा अधिक असल्यास गाडी अपेक्षेपेक्षा कमी वळते, यास अल्पवळण म्हणतात. याउलट मागील टायरांचा घसरकोन अधिक असल्यास मागचा भाग बाहेर फेकला जाऊ पाहतो. यास अतिवळण म्हणतात. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीत काम करणारे ब्रिटिश अभियंते मॉरिस ओली यांनी १९३० नंतरच्या दशकात या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास केला. अल्पवळणात घाबरून वेगवर्धकावरील पाय काढल्यास भार पुढे सरकतो व पुढील चाकांची पकड वाढते. म्हणजे चालकाच्या स्वाभाविक क्रियेनेच गाडी सावरते. अतिवळणाकडे कल असलेल्या गाडीत मात्र हीच क्रिया घातक ठरते. कारण आधीच सुटू पाहणारी मागील चाके त्यामुळे आणखी हलकी होतात.

१९६३ साली प्रथम प्रदर्शित झालेली जर्मनीची पोर्श ९११ ही गाडी याचे बोधप्रद उदाहरण होय. तिचे एंजिन मागील आसाच्याही मागे असल्याने वजनाचा मोठा भाग मागील चाकांवर येतो. यामुळे वेग वाढवताना व ब्रेक लावताना तिला उत्तम पकड मिळते. पण वळणाच्या मध्यावर अचानक वेगवर्धक सोडल्यास तिचा मागचा भाग लंबकाप्रमाणे झोकांडत असे. आरंभीच्या काही गाड्यांत पुढील बंपरच्या टोकांत जड वजने बसवून यावर उपाय करण्यात आला. वजन वाढवून केलेला हा उपाय तात्पुरताच होता. १९६९ च्या नमुन्यात मागील चाके ५७ मिमी. मागे नेऊन दोन्ही आसांमधील अंतर २,२११ मिमी.वरून २,२६८ मिमी. करण्यात आले, एंजिन मात्र मूळ जागीच राहिले. तसेच एका बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या अगदी पुढे बसवण्यात आल्या. पुढे मागील टायर अधिक रुंद करण्यात आले. मूळ मांडणी न बदलता जुळणीच्या साहाय्याने तिचे दोष किती आटोक्यात आणता येतात, हे या गाडीच्या इतिहासावरून दिसते.

सांगाडा : निलंबन यंत्रणेचे काम अचूक व्हावयाचे असेल, तर ती ज्यावर बसवलेली असते तो सांगाडा पिळवटता कामा नये. पिळवटणारा सांगाडा हा जणू एक अनियंत्रित स्प्रिंगच असतो आणि त्यामुळे चाकांचे ठरवलेले कोन टिकत नाहीत. सांगाडा ताठ व हलका करणे हे अभिकल्पकापुढील जुने आव्हान आहे. मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या १९५२ च्या ३०० एसएल या शर्यतीच्या गाडीत बारीक नळ्या त्रिकोणांत जोडून केलेला सांगाडा सु. ५० किग्रॅ. वजनाचा होता. ताठपणासाठी बाजूंच्या नळ्या उंच ठेवाव्या लागल्या व म्हणून तिची दारे पंखांप्रमाणे वर उघडणारी करावी लागली. लोटस एलानमध्ये पोलादी पत्र्याचा कण्यासारखा मध्यवर्ती सांगाडा होता. लोटस एलिस (१९९५) या गाडीत ॲल्युमिनियमचे आकारित भाग चिकटद्रव्याने जोडून ६८ किग्रॅ.चा सांगाडा तयार करण्यात आला. शर्यतींच्या व अतिशय महागड्या गाड्यांत १९८० नंतर कार्बन तंतूंचा वापर सुरू झाला.

निलंबन यंत्रणेची जुळणी : स्प्रिंगा व कलविरोधी दांडे (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे पीळदार दांडे) यांच्या कडकपणावरून सरकणाऱ्या भाराचा किती वाटा पुढील व किती मागील जोडीने उचलावयाचा हे ठरते. पुढील दांडा अधिक कडक केल्यास पुढील दोन टायरांमधील भाराचा फरक वाढतो, त्यांची एकत्रित पकड घटते व अल्पवळण वाढते. मागील दांडा कडक केल्यास उलट परिणाम होतो. धक्काशोषक भार सरकण्याचा वेग नियंत्रित करतात. अखेरीस किती भार सरकेल हे त्यांच्यावर अवलंबून नसते. चाकाचा माथा किंचित आत कललेला ठेवल्यास गाडी कलल्यावर बाहेरील टायर जमिनीवर सपाट टेकतो. स्प्रिंगांच्या खाली असलेले चाक, टायर, ब्रेक इत्यादींचे वजन कमी असल्यास चाक रस्त्याचे चढउतार अधिक चांगल्या रीतीने अनुसरते. याच हेतूने जॅग्वार ई-टाइप (१९६१) या गाडीचे मागील ब्रेक चाकांत न बसवता आत सांगाड्याकडे बसवलेले होते.

जुळणी सदोष असल्यास ताठ सांगाडाही उपयोगी पडत नाही. रस्त्यावरील वापरासाठी १९५४ साली आलेल्या ३०० एसएलची मागील चाके झुलत्या अर्धआसांवर होती. वळणावर जोराने ब्रेक लावल्यास मागचा भाग उचलला जाऊन ही चाके आत दुमडू पाहत व पकड एकाएकी सुटे. १९५७ च्या उघड्या नमुन्यात अर्धआसांचा सांधा खाली आणून हा दोष बराच कमी करण्यात आला.

अलीकडील प्रवृत्ती : अपघातात सुरक्षितता देणारी रचना व सुखसोयींची साधने यांमुळे स्पोर्ट्‌स मोटारगाड्यांचे वजन वाढत गेले आहे. १९९५ पासून उपलब्ध झालेली इलेक्ट्रॉनीय स्थैर्य नियंत्रण प्रणाली एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून गाडी सावरते व त्यामुळे अनेक अपघात टळतात. पण टायरची मूळ पकड ती वाढवू शकत नाही. विजेवरील गाड्यांत वजनाचा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. लोटस एलिसच्या सांगाड्यावर आधारलेल्या टेस्ला रोडस्टर (२००८) या गाडीतील बॅटरीच सु. ४५० किग्रॅ.ची होती व त्यामुळे गाडीचे वजन मूळ एलिसच्या दीडपटीहून अधिक झाले. त्यानंतरच्या बहुतेक विद्युत्‌ गाड्यांत बॅटरी तळाशी पसरून बसवतात. गुरुत्वमध्य त्यामुळे खूप खाली येतो व भार कमी सरकतो. परंतु थांबताना विसर्जित करावयाची ऊर्जा व टायरवरील एकूण ताण कमी होत नाही. वजनाची मांडणी व जुळणी यांनी जडपणाचे परिणाम सौम्य करता येतात, पूर्णपणे नाहीसे करता येत नाहीत.