आसन क्रमांक ६१ चा हिशेब

लंडनहून आलेली गाडी पॅरिसच्या गार द्यू नोर स्टेशनात सोडायची आणि मिलानची गाडी पकडायला शहराच्या दुसऱ्या भागातलं गार द लिऑन गाठायचं, हे नवख्या प्रवाशाला घाम फोडणारं काम आहे. हातात बॅगा, पाट्यांवर अनोळखी भाषा, आणि डोक्यात पुढच्या गाडीची वेळ. ‘द मॅन इन सीट सिक्स्टी-वन’ या वेबसाइटवर त्याचं उत्तर साध्या शब्दांत मिळतं: आरईआर या शहरी रेल्वेची डी लाइन धरा, दुसऱ्या थांब्यावर उतरा. लिहिणारा त्या स्टेशनात बॅग ओढत फिरलेला आहे, हे वाचताना जाणवत राहतं. टूर कंपनीच्या झेंड्यामागे न जाता स्वतःच्या हिमतीवर निघालेल्या माणसाला एवढा आधार पुरतो.

लिहिणारे मार्क स्मिथ हे पेशाने रेल्वेवाले. लंडनच्या चेरिंग क्रॉस स्टेशनचे ते व्यवस्थापक होते, पुढे ब्रिटिश सरकारच्या वाहतूक खात्यात भाडी आणि तिकिटांचे नियम सांभाळत. २००१ मध्ये एका संध्याकाळी घरी जाताना गाडीत वाचायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी मेरिलबोन स्टेशनवरच्या दुकानातून वेबपान कसं बनवावं हे शिकवणारं एक पुस्तक घेतलं. किंमत २ पौंड ९५ पेन्स. लंडनहून इटलीला, स्पेनला, अगदी मोरोक्कोलाही विमानाशिवाय जाता येतं, पण कसं जायचं ते कुणी धड सांगत नाही, ही त्यांची जुनी खंत. ती या पुस्तकाच्या मदतीने पानावर उतरली. २००७ मध्ये नोकरी सोडून त्यांनी पूर्ण वेळ हेच काम घेतलं आणि आजही ते ती वेबसाइट एकहाती चालवतात.

नावातला आकडा त्यांच्या आवडत्या जागेचा. लंडन–पॅरिस धावणाऱ्या युरोस्टारच्या जुन्या गाड्यांत पहिल्या वर्गाच्या काही डब्यांत ६१ आणि ६२ ही आसनं समोरासमोर, मध्ये टेबल, टेबलावर छोटा दिवा, आणि खिडकी बरोबर शेजारी. खिडकीचं तिकीट काढून बसावं आणि शेजारी नुसता पत्रा निघावा, हा अनुभव आपल्याकडच्या चेअर कारमध्येही अनेकांनी घेतलेला आहे. कुठल्या आसनाला खिडकी लाभते हे एखाद्याने बसून, पाहून, लिहून ठेवावं, इतकं बारीक हे काम. व्हिएतनामच्या पानावर ह्यूहून दा नांगकडे जाताना डावीकडे बसा, समुद्र त्या बाजूला आहे, असा सल्ला मिळतो. गाडीची वेळ वेळापत्रकातही सापडते. डाव्या बाजूचा समुद्र मात्र तिथे छापलेला नसतो.

खरी मेहनत नवं लिहिण्यात नाही, जुनं दुरुस्त करण्यात आहे. युरोपभरच्या रेल्वेची वेळापत्रकं दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर बदलतात. २०१६ च्या डिसेंबरात जर्मन रेल्वेने आपल्या रात्रगाड्या बंद केल्या, त्यातल्या काही ऑस्ट्रियाच्या रेल्वेने उचलल्या. पॅरिस–बर्लिन रात्रगाडी २०२३ च्या डिसेंबरात मोठ्या कौतुकात सुरू झाली आणि २०२५ च्या डिसेंबरात ऑस्ट्रियन रेल्वेने ती थांबवली. ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रान्सच्या मोरियेन खोऱ्यात दरड कोसळली आणि पॅरिस–मिलान थेट मार्ग ३१ मार्च २०२५ ला उघडेपर्यंत बंदच राहिला. लंडनहून इटलीकडे नेणारं जे जे पान त्या मार्गावर बेतलेलं, ते सगळं तेवढ्या काळात चुकीचं ठरत होतं. कुणीतरी बसून प्रत्येक पान उघडायचं, ओळ शोधायची, बदलायची. दरड उपसली की पुन्हा तेच उलट करायचं. हे कष्ट बाहेरच्याला दिसत नाहीत. पान बरोबर असलं की ते नेहमीच बरोबर होतं असं वाचकाला वाटतं.

भारताचंही पान तिथे आहे, आणि मराठी वाचकाने ते मुद्दाम वाचावं. आरएसी म्हणजे काय, वेटिंग लिस्ट पुढे कशी सरकते, टू टिअर आणि थ्री टिअर यांत फरक काय, हे आपल्याला कधी कुणी समजावलेलं नसतं. आईवडिलांबरोबर जाता-येता ते अंगात मुरतं. परक्या माणसाला ते शब्दांत सांगायचं तर एकेक पायरी सुटी करावी लागते. आणि इथेही जमीन हलतीच. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली, विदेशी पर्यटकांसाठी मात्र ३६५ दिवस कायम राहिले. त्या एका परिपत्रकाने इंटरनेटवरची किती पानं एका रात्रीत शिळी झाली असतील!

मग पैसे येतात कुठून? वाचकाकडून फी घेतली जात नाही. पानावर तिकीट विकणाऱ्यांच्या लिंक असतात आणि त्या लिंकच्या शेपटाला वेबसाइटची खूण जोडलेली असते. वाचकाने क्लिक केलं की त्याच्या ब्राउझरमध्ये एक कुकी बसते. ठरावीक मुदतीत त्याने खरेदी केली तर विक्रेता आपल्या वाट्यातलं थोडं कमिशन वेबसाइटला देतो. रेल्वेच्या तिकिटावर हे कमिशन अगदी बेताचं, हॉटेलच्या खोलीवर त्याहून बरं. खोलीचं बुकिंग रद्द झालं तर काहीच नाही, आणि हॉटेलचे पैसे बहुधा प्रवासी राहून गेल्यावरच जमा होतात. २०२० च्या मार्चमध्ये जगभरचे प्रवास रद्द झाले, तेव्हा या धंद्यातल्या प्रत्येकाने आधी केलेल्या कामाचीही कमाई हातातून जाताना पाहिली.

या रचनेत एक मोह आहे. जिथे कमिशन जास्त तिथे वाचकाला ढकलावं, असं कुणालाही वाटू शकतं. अनेक वेबसाइट तेच करतात. कधी न पाहिलेल्या शहरातल्या ‘सर्वोत्तम दहा हॉटेलां’ची यादी कमिशनकडे बघून रचतात, किंवा पर्यटन मंडळाच्या खर्चाने हिंडून येऊन फक्त गोड लिहितात. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये अशा प्रायोजित मजकुरावर तसा स्पष्ट शिक्का हवा असा नियम केला, तो उगाच नाही. स्मिथ यांच्या भारताच्या पानावर आयआरसीटीसीवर खातं कसं उघडायचं याची सविस्तर वाट सांगितली आहे. आयआरसीटीसी त्यांना एक रुपयाही देत नाही. तरी ती वाट तिथे आहे, कारण प्रवाशाला ती हवी आहे. बिनफायद्याची अशी पानं वाचूनच माणूस कमिशनच्या लिंकवरही विश्वासाने बोट ठेवतो.

माहिती सतत ताजी ठेवण्याचं हे काम मोठ्या कंपन्यांना पेललं नाही, हेही नोंदवायला हवं. थॉमस कुकने १८७३ पासून काढलेलं युरोपचं रेल्वे वेळापत्रक २०१३ मध्ये बंद केलं. पुढच्याच वर्षी ते एका छोट्या स्वतंत्र चमूने पुन्हा सुरू केलं. २ पौंड ९५ पेन्सच्या भांडवलावर उभी राहिलेली वेबसाइट मात्र कंपनीचा तो निर्णयही ओलांडून चालत राहिली.

आता धोका दुसरीकडून आहे. २०२३ च्या सप्टेंबरात गुगलने निकालांची क्रमवारी बदलली, तेव्हा अनेक छोट्या प्रवास वेबसाइटचे वाचक झपाट्याने घटले. २०२४ पासून तर गुगल शोधाच्या पानावरच यंत्राने जुळवलेलं उत्तर देऊ लागलं. डी लाइन धरा, दुसऱ्या थांब्यावर उतरा, एवढं तिथेच वाचून झालं की मूळ पान उघडायचं कारण उरत नाही. पान उघडलं नाही तर क्लिक नाही, क्लिक नाही तर कुकी नाही, कुकी नाही तर कमिशन नाही. आणि दरड कोसळल्यावर ओळ बदलायला माणूस लागतो, त्या माणसाला घरखर्च लागतो. ही साखळी तुटणं घातक आहे. ज्यांच्या कष्टावर ते उत्तर उभं आहे, त्यांच्याच ताटातला घास ते काढून घेतं.

म्हणूनच ही वेबसाइट वाचकाला मोकळेपणाने सांगते, की तिकीट किंवा हॉटेल घ्यायचंच असेल तर इथल्या लिंकवरून घ्या, त्या कमिशनवर हे काम चालतं. प्रवाशाला त्यासाठी जादा पैसे मोजावे लागत नाहीत. कमिशन विक्रेत्याच्या वाट्यातून जातं.